मदत हवी आहे: मुलीला राणीच्या बागेत न्यायचं की नाही?

मुलगी सहा वर्षांची आहे, मे महिन्याच्या सुट्टीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचं म्हणून मागे लागलीय. मला स्वतःला ती बाग भयंकर आवडते, दीडशे वर्षांहून जुनी, ती गोरखचिंचेची झाडं, आणि काचेपलीकडे पेंग्विन पोहताना बघून मोठी माणसंसुद्धा हरखून जातात हे खरंय. पण हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, 2016 ला सोलहून आणले, मुंबईच्या उकाड्यात त्यांना कायम एसीतच राहावं लागतं, हे डोक्यातून जात नाही. मागे दुसऱ्या एका शहरात बिबट्या गजांपाशी सारख्या त्याच येरझाऱ्या घालत होता, लोक शिट्ट्या मारत होते, मुलीने विचारलं, "बाबा, त्याला बाहेर का नाही जाऊ देत?" मला काही सांगताच आलं नाही. जखमी किंवा आईविना सापडलेलं पिल्लू सांभाळणं पटतं मला, कात्रजला प्राण्यांचं अनाथालय आहे तसं, पण नुसतं बघायला म्हणून कोंडायचं?

या वयाची मुलं असलेल्यांनी प्लीज सांगा, तुम्ही मुलांना काय सांगता? आणि त्याऐवजी खाडीतले मोकळे फ्लेमिंगो दाखवायचे म्हटलं, तर ऐरोलीची फ्लेमिंगोची बोट मे महिन्यात मिळते का, एवढ्या लहान मुलांना झेपते का?