सेंटर कॉलेजचा १९२१चा हंगाम: हा विजय खरंच लहान कॉलेजचा होता का?

माणदेशी
२९ ऑक्टोबर १९२१. अमेरिकेतलं बोस्टन, नदीपलीकडच्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड विद्यापीठाचं मैदान, चाळीस हजारांवर प्रेक्षक. खेळ अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचा. यजमान हार्वर्ड १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत एकदाही हरलं नव्हतं. समोर केंटकीतल्या डॅनव्हिल या पाचेक हजार वस्तीच्या गावचं सेंटर कॉलेज. सगळे विद्यार्थी मोजले तरी तीनशे भरत नव्हते.

मध्यंतराला ०-०. उत्तरार्ध सुरू होऊन काही मिनिटं झाली असतील, सेंटरच्या बो मॅकमिलिनने चेंडू घेतला आणि हार्वर्डच्या बचावातून वाट काढत ३२ यार्ड पळाला. चेंडू शेवटच्या रेषेपार, म्हणजे टचडाउन, सहा गुण. पुढचा जादा गुण हुकला, पण त्याची गरजच पडली नाही. ६-०. सेंटरच्या बाजूने ओरडायला आलेल्या, हार्वर्डशेजारच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या पोरांनी सामना संपल्यावर गोलखांब उखडले.

आदल्या वर्षी याच मैदानात सेंटर ३१-१४ हरलं होतं. तेव्हा हार्वर्डच्या कप्तानाने सामन्याचा चेंडू भेट देऊ केला, तर मॅकमिलिनने तो घेतला नाही. पुढच्या वर्षी येऊन जिंकून नेऊ म्हणाला. आणि नेला! डॅनव्हिलच्या पोरांनी गावभर भिंतींवर रंगवलं: सी६एच०. सेंटर सहा, हार्वर्ड शून्य. रसायनशास्त्रात न बसणारं सूत्र. मला तर ते वाचूनच भरून येतं.

या हंगामाचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, ‘ती पोरं बाहेरून आणलेली होती.’ मला हे पटत नाही. जर्सी कॉलेजची, घाम कॉलेजच्या मैदानावर गाळलेला, मग विजय कॉलेजचाच.

रेल्वेफाटक
तो ‘कुणीतरी’ मी आहे असं समजा. मॅकमिलिन मूळचा टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. तिथल्या नॉर्थ साइड हायस्कूलमध्ये ‘चीफ’ मायर्स प्रशिक्षक होता, आणि तो सेंटरचा माजी विद्यार्थी. हायस्कूलच्या संघातली मोक्याची पोरं तो डॅनव्हिलला घेऊन आला. मॅकमिलिन आणि रेड वीव्हर यांचं तर शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं, म्हणून त्यांना आधी केंटकीतच सॉमरसेटच्या शाळेत वर्षभर बसवलं. प्रशिक्षक चार्ली मोरान, हा उन्हाळाभर नॅशनल लीगच्या व्यावसायिक बेसबॉल सामन्यांत पंच. यातला डॅनव्हिलचा कोण? गावाने भिंती रंगवल्या, एवढंच.

माणदेशी
बाहेरचा म्हणजे कालपरवा आलेला, असं तुम्ही धरून चाललात. १९१७ साली सेंटरने केंटकी विद्यापीठाला ३-० हरवलं ते मॅकमिलिनच्याच किकवर. तिथून १९२१ पर्यंत मोजा. वर्गात बसता यावं म्हणून एक पोरगा परमुलखातल्या शाळेत वर्ष काढतो, याला मी कष्ट म्हणेन, लबाडी नाही. आणि हार्वर्डची पोरं तरी कुठे सगळी केंब्रिजच्या गल्लीतली होती?

रेल्वेफाटक
वर्गाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. मॅकमिलिन पदवी न घेताच सेंटर सोडून गेला आणि १९२२ मध्ये थेट लुइझियानातल्या सेंटेनरी कॉलेजचा प्रशिक्षक झाला. तो तिथे कशासाठी होता हे यातून कळतं.

खुंट_ते_खुंट
मी तालुक्याच्या कॉलेजात खो-खो खेळायचो. तीन वर्षं रोज संध्याकाळी आम्ही मैदान झाडायचो, पाणी मारायचो, मग सराव. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेला महिना राहिला असताना चार नवे गडी आले. प्रवेश बी.ए. भाग एकला, वर्गात एकदाही दिसले नाहीत. खेळायचे मात्र अप्रतिम. खुंटाजवळ अंग असं मोडायचे की पाठलाग करणारा पुढेच निघून जायचा. आम्ही ढाल जिंकली. मी राखीव होतो, पाण्याची बादली माझ्याकडे. ढाल प्राचार्यांच्या खोलीत लागली. समोरून जाताना ती आपली आहे असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून माणदेशी, तुमचं ‘जर्सी कॉलेजची’ हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. सेंटरमध्येही कुणी केंटकीचा पोरगा बाकावर बसला असेलच की.

कृष्णाकाठ
माझा आक्षेप वेगळा आहे. बाहेरची पोरं आणली, ठीक. पण ‘लहान’ हा शब्द तेवढा काढा. हार्वर्डशी गाठ पडण्याच्या आधीच्याच शनिवारी सेंटरने ट्रान्सिल्व्हेनियाला ९८-० असं चिरडलं. तेही केंटकीतलंच छोटं कॉलेज, जवळच्या लेक्सिंग्टनचं. हार्वर्डनंतर लगेच केंटकी विद्यापीठ ५५-०. नियमित हंगामात सेंटरचे २८२ गुण, प्रतिस्पर्ध्यांचे सगळ्यांचे मिळून ६. हे आकडे दुबळ्याचे नाहीत. ट्रान्सिल्व्हेनियाच्या पोरांना त्या संध्याकाळी सेंटर किती मोठं वाटलं असेल?

माणदेशी
९८-० बद्दल तुमचं मान्य, त्याचं कौतुक मीही करणार नाही. खुंट_ते_खुंट, तुमची बादली डोळ्यांपुढून जात नाही. पण महिनाभरासाठी आलेले चार गडी आणि वर्षानुवर्षं एकत्र राहिलेला संघ यांना मी एका मापाने मोजणार नाही. आदल्या वर्षी हरून परत आलेली पोरं होती ती. भाड्याने आणलेला माणूस चेंडू नाकारत नाही.

रेल्वेफाटक
मग हंगामाचा शेवटही सांगा. २ जानेवारी १९२२, डॅलस. त्या दिवशी सकाळीच मॅकमिलिनचं लग्न झालं होतं. समोर टेक्सास ए अँड एम कॉलेज, म्हणजे मोरान ज्यांना आधी शिकवायचा तोच संघ. सेंटर २२-१४ हरलं. सामन्यात ए अँड एमचे इतके गडी जखमी झाले की त्यांच्या प्रशिक्षकाने वर पत्रकारांच्या कक्षात बसलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. फुटबॉल सोडून तो बास्केटबॉलकडे वळलेला होता. जखमी खेळाडूचा गणवेश अंगावर चढवून तो सीमारेषेशी उभा राहिला. मैदानात उतरायची वेळ आली नाही, पण शेवटची शिट्टी होईपर्यंत तो बसला नाही. कॉलेजचा संघ म्हटलं की मला तो पोरगा दिसतो.