वॉकीटॉकीला बॅटरी कुठली घ्यावी, निकेलवाली का लिथियम? (सोलापूर, लग्नसराईच्या आत सांगा)

कार्यालयवाला_होटगीरोड
नमस्कार मंडळी, आमचं होटगी रोडला मंगल कार्यालय आहे, तिथं सहा वॉकीटॉकी वापरतो, 5 वॅटचे, परवाना रीतसर काढलेला आहे त्यामुळं त्यावर कुणी लेक्चर देऊ नका. सेट ठणठणीत आहेत पण बॅटऱ्या गेल्या. निकेल मेटल हायड्राइड, 7.5 व्होल्ट, 1300 एमएएच, सेटसोबत आल्या होत्या त्याच अजून. सकाळी तीन कांड्या फुल दाखवते आणि गेटवरच्या पोरानं बोलायला बटण दाबलं की लाल लाईट लागते, टुक् करून आवाज येतो, सेट बंद. परवा नवरदेव दारात घोड्यावर, आत भटजी अक्षता वाटल्या का विचारतायत, आणि गेट काय म्हणतंय ते आत ऐकूच येईना, शेवटी आचाऱ्याच्या पोराला पळवलं.
एका दुकानात लिथियमची मिळतीय, 7.4 व्होल्ट, वर 3800 एमएएच लिहिलंय, ओरिजिनलच्या निम्म्या भावात. म्हणतो जुन्याच चार्जरवर लावा मालक, काय होत नाही. घेऊ का?

जुना_मेकॅनिक
जुन्या चार्जरवर अजिबात लावू नका ओ. 7.4 आणि 7.5 चा फरक सोडा, सेटला त्यानं काही होत नाही, भानगड चार्जरची आहे. निकेलवाला चार्जर काय करतो, एकसारखा करंट ढकलत राहतो आणि बॅटरी भरली की व्होल्टेज थोडंसं खाली येतं नाहीतर सेल गरम होतात, ते बघून थांबतो. लिथियममध्ये ते खाली येणं होतच नाही. तिथं दर सेलला 4.2, म्हणजे दोन सेलला 8.4 वर व्होल्टेज धरून करंट कमी कमी करत न्यावा लागतो. निकेलचे सहा सेल चार्ज होताना 8.4 च्या वर आरामात जातात, म्हणजे तुमचा चार्जर तिथं थांबणारच नाही. मग आतल्या प्रोटेक्शन सर्किटच्या भरवशावर राहायचं, आणि निम्म्या भावातल्या पॅकमध्ये ते आहे का नाही देव जाणे. काही कंपन्यांचे चार्जर दोन्ही ओळखतात, पण ते चार्जरच्या खाली लिहिलेलं असतं, मॉडेल नंबर बघून घ्या. नसेल लिहिलेलं तर लिथियमसोबत तिचाच चार्जर घ्यायचा, तो खर्च धरून मग स्वस्त का महाग ठरवा.

पेठेतला_पंटर
3800?? काय बे, त्या आकारात? लॅपटॉपच्या बॅटरीत गोल 18650 सेल असतात ना, त्यातले चांगल्या कंपनीचे पण बहुतेक साडेतीन हजाराच्या आसपास थांबतात आणि एकाचं वजन 45 ग्रॅमच्या वर. तुमच्या पॅकमध्ये तसले दोन तरी मावतात का बघा. घरातल्या काट्यावर ठेवा, दोन सेल अधिक प्लास्टिक मिळून शंभरच्या बरंच खाली भरलं तर आकडा नुसता स्टिकरवर आहे असं समजा. आणि बीआयएसचा मार्क, आर नंबर आहे का बघा, लिथियमला तो लागतोच, नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो.

कार्यालयवाला_होटगीरोड
बरं मग किती एमएएच पुरेल? सकाळी 8 ते रात्री 10 चालवायचंय.

जुना_मेकॅनिक
5 वॅटला बोलताना साधारण दीड अँपिअर खातो, ऐकताना पाव अँपिअर धरा, गप बसलेला असताना 60 मिलिअँपिअर. कंपनीवाले तास सांगतात ते 5 टक्के बोलणं, 5 टक्के ऐकणं, 90 टक्के गप या हिशोबानं, त्याचा सरासरी करंट 140 च्या आसपास येतो, म्हणजे 1300 ला नऊ तास. पण लग्नात गप कोण बसतंय? दहा-दहा टक्के धरलं की 220 च्या वर जातं आणि तीच नवी बॅटरी सहा तासात खलास. 14 तासाला 3100 लागेल, तेवढा पॅक शोधत बसण्यापेक्षा खऱ्या 2000 वाल्या दोन-दोन घ्या आणि जेवणाच्या पंगतीला बदला. गेट आणि हॉलमध्ये शंभर मीटर अंतर असेल तर पॉवर लो वर टाका, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.
आणि हो, बटण दाबल्यावरच बंद होतंय म्हणजे लोड आल्यावर व्होल्टेज बसतंय. सेल म्हातारे झालेत किंवा पत्र्यांवर घाण आहे. आधी शाळेतल्या खोडरबरानं बॅटरीचे आणि सेटचे पत्रे घासा, फुकटात होतंय.

गड्डा_स्वयंसेविका
मी दरवर्षी जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला नंदीध्वज मिरवणुकीच्या बंदोबस्तात असते, आमचेही निकेलवालेच होते. त्यांची खोड म्हणजे नुसत्या ठेवल्या तरी रिकाम्या होतात, पहिल्याच महिन्यात पाव हिस्सा गेलेला असतो. आम्ही यात्रेनंतर पेटीत टाकायचो ते थेट पुढच्या जानेवारीत काढायचो, निम्म्या त्यातच मेल्या. तुमचंही सराईनंतर चार महिने पडूनच राहणार ना दादा, मग लिथियमच बरी, पण ठेवताना फुल भरून ठेवू नका, निम्मी भरून ठेवा. अजून एक, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावू नका. 45 डिग्रीच्या वर लिथियम चार्ज करायची नसते आणि आपल्याकडं बाहेरच 43 असतं, पत्र्याखाली काय होत असेल. आम्ही रात्री 11 ला लावतो. आणि पूर्ण संपवूनच चार्ज करा असं कुणी सांगेल, ते जुन्या निकेल कॅडमियमचं आहे, लिथियमला उलट त्रास होतो.

कार्यालयवाला_होटगीरोड
अपडेट. खोडरबरानं सहापैकी दोन सेट चालू झाले राव!! पत्र्यावर हळद आणि तेलाचा थर होता, कुणाच्या हाताचा ते मला माहितीय. दुकानातली 3800 काट्यावर ठेवली, 71 ग्रॅम. दुकानदार म्हणतो मालक, नवीन टेक्नॉलॉजी आहे, हलकीच येते. परत दिली. आता चार सेटला चार्जरसकट लिथियम, 2000 च्या आठ मागवल्या, पहिलं लग्न रविवारी आहे.