परदेशात राहून नागपुरातून कपडे शिवून घेताना: जाणकारांनी लिहा

धागा एवढ्यासाठी की दिवाळीनंतर लग्नसराई लागते आणि बाहेर राहणाऱ्यांचे बस्ते, ब्लाउज, शेरवान्या इथल्या शिंप्यांकडे येऊन पडतात. नुसता 'टेलर चांगला आहे' एवढा अभिप्राय नको. माप, कापड, शिलाई, पाठवणी, जे पक्कं माहीत आहे ते सविस्तर लिहा. सुरुवात माझ्यापासून:

ब्लाउजचं माप

सगळ्यात जास्त ब्लाउज बिघडतात ते एकाच कारणानं: अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांची सरमिसळ. अंगावरून छाती ३६ घेतली, तर शिंपी त्यात सैलपणा धरून कापतो. तयार ब्लाउज मोजून ३८ लिहून पाठवलं आणि ते कपड्याचं माप आहे हे सांगितलं नाही, तर सैलपणा दुसऱ्यांदा धरला जातो आणि ब्लाउज ढगळ होतो. म्हणून कागदावर सगळ्यात वर लिहा, 'तयार कपड्याचं माप, इंचात'. सेंटीमीटर पाठवूच नका, इथे सगळं काम इंचात चालतं.

नीट बसणारा ब्लाउज हूक लावून पलंगावर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करा. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, मोजताना टेप कडेवर उभा धरून वळणाबरोबर फिरवायचा. सरळ रेषेत मोजला तर माप कमी भरतं आणि बाही काखेत कापते. टक्सची (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्यांची) दोन मापं लागतात: खांद्यापासून टोकापर्यंत आणि दोन टोकांमधलं अंतर. ही बहुतेक जण विसरतात, आणि पुढचा भाग फुगतो किंवा चपटा बसतो तो त्यामुळेच. खांद्याचं माप स्वतःचं स्वतः घेऊ नका, हात वर गेला की खांदा आखडतो.

शिलाई-माया

शिंप्याला एक गोष्ट हक्कानं सांगा: माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, कापू नका. दोन्ही कुशींत (काखेखालच्या बाजूच्या शिवणींत) पुढच्या आणि मागच्या भागाला एकेक इंच माया असली, तर कडा चार होतात. प्रत्येकीला पाव इंच राखून ब्लाउज छातीत तीन इंचांपर्यंत सैल करता येतो. पण बाहीच्या शिवणीतही तेवढीच माया हवी, नाहीतर उसवणं काखेपाशी येऊन अडतं. आरीवर्क (आरीच्या सुईचं भरतकाम) असेल तर कुशीकडचं दीड इंच कापड कोरं ठेवायला सांगा. रेशमावर जुन्या टिपेची भोकं दिसतात, म्हणून रेशमी ब्लाउजची कुशीची टीप पहिल्यांदा लांब टाक्याची घालून घ्या.

भारी पैठणी किंवा करवतकाठी साडीतला ब्लाउज असेल तर आधी साध्या रुबियाचा (पातळ सुती कापडाचा) ब्लाउज शिवून पाठवायला सांगा. घालून बघा, चुकलं तिथे पेनानं खूण करा, समोरून, मागून आणि हात वर करून फोटो पाठवा. वजन जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम असतं. साडीतलं कापड ८० सेंटीमीटर, एकदा चुकीचं कापलं की दुसरं मिळत नाही, बाप्पा!

नागपूरच्या इतवारी बाजारातून कापड घेणाऱ्यांसाठी

सुती कापड आणि अस्तर, दोन्ही कापण्याआधी भिजवायला सांगा. तिकडे कपडे धुण्याची मशीन ४० अंशांवर चालते आणि वर ड्रायर. सुती कापड ४ टक्के आटलं तरी १४ इंचांच्या ब्लाउजची उंची अर्धा इंचाहून जास्त कमी होते. वरचं रेशीम जसंच्या तसं राहून अस्तर आटलं, तर गळ्याशी सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत. चिकटवलेले खडे ड्रायरमध्ये सुटतात, दोऱ्यानं शिवलेलेच घ्या.

थंड देशात कुर्त्याखाली थर्मल घालणार असाल तर छातीत एक इंच, मुंढ्यात आणि बाहीच्या घेरात अर्धा इंच वाढवा. गळा मात्र तोच ठेवा, तो मोठा झाला की खांदे उतरतात.

पुरुषांचे कपडे

पायजमा आणि पॅन्टमध्ये आसन (कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचं माप) चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही फायदा नाही. नीट बसणारी पॅन्टच पाठवा. खाली दुमडीत दोन इंच जादा कापड ठेवा.

वेळ

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत नवं काम देऊ नका, घाईत शिवलेलं हमखास बिघडतं. साधारण १५ डिसेंबर ते संक्रांत, धनुर्मासात, बऱ्याच घरी लग्नं नसतात, त्यामुळे शिंपी जरा मोकळे असतात. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांनी कापड आणि माप आधीच पोहोचवावं, म्हणजे उतरल्याबरोबर पहिलं फिटिंग होतं आणि दुरुस्तीला दिवस उरतात.

पार्सल

बहुतेक खासगी कुरिअर आकारमानानुसार वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची, भागिले ५०००. म्हणजे ४० × ३० × २० सेंटीमीटरचा खोका ४.८ किलोचा, आत दोन किलोच असले तरी. कॅनकॅनचा (आतून फुगवणाऱ्या कडक जाळीचा) लेहंगा इथेच महाग पडतो. कॅनकॅन वेगळा शिवून, हुकांनी लावायचा ठेवा आणि दाबून भरा.

पार्सलसोबतच्या कस्टम्सच्या जाहीरपत्रावर नुसतं 'कपडे' लिहू नका. 'स्त्रीचा शिवलेला ब्लाउज, सुती, नग २' असं लिहा आणि खरी किंमत टाका. ब्रिटनमध्ये भेट म्हणून पाठवलेली वस्तू ३९ पौंडांपर्यंत करमुक्त असते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे तिकडच्यांनी शिलाईच्या हिशेबात शुल्कही धरा. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत जागा असेल तर ब्लाउज तिच्यातच पाठवा, फक्त हूक लावून, टक्सवर घडी न पाडता.