भाच्याच्या एमआरआयमध्ये ‘कॉर्पस कॅलोसम नाही’ असं आलंय, समजून घ्यायला मदत हवी आहे

भाचा सहा वर्षांचा. सारखं डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला, तर भलतंच निघालं. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम जन्मापासूनच नाही. डोकेदुखीशी त्याचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, पण बहीण पार हादरली आहे. तिला समजावता यावं म्हणून वाचायला बसलो आणि मीच अडकलो.

हा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा. अपस्माराचे झटके आवरेनात म्हणून १९६० च्या दशकात काही रुग्णांचा तो कापला होता. रॉजर स्पेरी आणि मायकेल गझ्झानिगा या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर प्रयोग केले. स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं. न बघता डाव्या हातात वस्तू दिली, तर या रुग्णांना तिचं नाव सांगता येत नसे. डाव्या हाताचा स्पर्श पोचतो उजव्या गोलार्धात, आणि बहुतेकांचं बोलणं चालतं डाव्यातून. तोच डावा हात मात्र चार वस्तूंत चाचपून तीच वस्तू अचूक उचलायचा!

मग मी भाच्याला डोळे मिटायला लावून डाव्या तळहातावर किल्ली ठेवली. लगेच म्हणाला, “मामा, किल्ली!” खोडरबर आणि चमचाही ओळखला. बुटाची नाडी मात्र त्याला जमत नाही. एक हात फास धरून बसतो, दुसरा कुठे जायचं ते विसरल्यासारखा थांबतो.

पूलच नाही, तर डाव्या हाताची खबर बोलणाऱ्या बाजूला जाते कुठून? आणि नाडी सरावाने जमेल का? जाणकारांनी, किंवा ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:

मामा, फरक वेळेचा आहे. त्या रुग्णांचा पूल मेंदूची घडी बसल्यावर तुटला. तुमच्या भाच्याचा मेंदू पोटात असल्यापासून पुलाशिवायच घडला. अँटिरिअर कमिशर नावाची एक छोटी जोडणी अशा बऱ्याच मुलांत शाबूत असते. शिवाय स्पर्शाची थोडी खबर त्याच बाजूच्या गोलार्धातही जाते. पलीकडे न गेलेले तंतू वळून आपल्याच गोलार्धात पुढून मागे धावतात. अहवालात ‘प्रॉब्स्ट बंडल’ असं लिहिलं असेल तर ते हेच.

नाडीला मात्र दोन्ही हातांची क्षणाक्षणाची देवाणघेवाण लागते, तिथे या लहान वाटा कमी पडतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) दाखवा. तोवर दोन वेगळ्या रंगांच्या नाड्या घालून एकेक पायरी तोंडाने म्हणत करून घ्या. अशी सगळी मुलं सारखी नसतात, म्हणून बोलणं आणि अभ्यास कसा चाललाय तेही न्यूरॉलॉजिस्टना सांगत राहा.