संगणकावरून शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी घरची ध्वनिव्यवस्था: डॅक, हमिंग आणि संग्रहाविषयी मार्गदर्शन हवे

मंद्रपंचम (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे शास्त्रीय कंठसंगीताच्या सुमारे चारशे सीडी आणि वडिलांनी आकाशवाणीवरून ध्वनिमुद्रित केलेल्या काही कॅसेट आहेत. हा संग्रह संगणकावर घेऊन दिवाणखान्यातल्या जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकता यावा, अशी इच्छा आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि साडेसहा इंची वूफरचे दोन स्पीकर सुस्थितीत आहेत. खोली १२ फूट बाय १० फूट असून फरशी टाइल्सची आहे. सध्या संगणकाच्या हेडफोन जॅकमधून निघालेली वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला जोडली आहे. परंतु स्पीकरमधून सतत हमिंग (घूं-घूं असा आवाज) ऐकू येते, आणि विलंबित ख्यालात दोन आवर्तनांमध्ये जिथे केवळ तानपुरा ऐकू यावा, तिथे नेमके तेच कानावर येते. वेगळा डॅक (संगणकातील डिजिटल ध्वनी अ‍ॅम्प्लिफायरला चालणाऱ्या विद्युत संकेतात बदलणारे उपकरण) घेतल्याने हे थांबेल का, त्यावर किती खर्च करावा, आणि पंख्याचा आवाज करणारा संगणक खोलीबाहेर ठेवता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

तारसप्तक

डॅक विकत घेण्याआधी आवाज कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे, कारण दोन वेगवेगळ्या दोषांना आपण सर्रास एकच नाव देतो. स्थिर आणि खालच्या पट्टीतला आवाज असेल, तर तो बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा, म्हणजे जोडलेली यंत्रे एकाहून अधिक मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्याने तयार होणाऱ्या वलयाचा, असतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तो ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत ऐकू येतो. याउलट माउस हलवल्यावर किंवा एखादी फाइल उघडल्यावर बदलणारी बारीक किणकिण येत असेल, तर ती संगणकाच्या आतील विद्युत गोंगाटातून येते आणि बाहेरच्या डॅकने सहसा पुष्कळ कमी होते.

ग्राउंड लूपची परीक्षा सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल, तर केबलची जाड वायर काढून पाहावी. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन पाहावे. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक दुकानदार देतात, तो कृपया मानू नये. त्याने हमिंग थांबले तरी धातूच्या खोक्यात वीज उतरल्यास जीवावर बेतू शकते. सुरक्षित उपाय म्हणजे ऑप्टिकल जोडणी. मदरबोर्डवर ऑप्टिकल आउटपुट असेल, तर त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो आणि दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. मात्र ही केबल घेणाऱ्या डॅकला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर हवा; त्याची वीज त्याच संगणकाच्या यूएसबीमधून घेतली, तर तोडलेला लूप पुन्हा जोडला जातो.

खर्चाबाबत माझे मत ठाम आहे. आजचे साधे डॅकदेखील सीडीची गुणवत्ता पूर्णपणे पेलतात, त्यामुळे महागड्या डॅकपेक्षा आणि त्याहून महागड्या केबलींपेक्षा तो पैसा आणि ते लक्ष खोलीकडे वळवावे. १२ फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला ध्वनी साचतो. त्यांच्या दुप्पट कंपनसंख्येलाही, म्हणजे साधारण ९४ आणि ११२ हर्ट्झला, तसेच घडते. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ आणि मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झ असतो, तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. म्हणजे मंद्रातील आलाप नेमका अशा पट्ट्यात येतो, जिथे आपली खोली काही स्वर फुगवते आणि काही गिळून टाकते. स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणावेत, समोर जाड सतरंजी आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट असावे. एवढ्याने जो फरक पडतो, तो मी कोणत्याही डॅकने पडलेला ऐकलेला नाही.

जोडराग

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. सीडींविषयी थोडे लिहितो.

सीडी फ्लॅक या, गुणवत्ता न गमावता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात संगणकावर घ्याव्यात. मूळ ध्वनी तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो आणि काहीही गमावले जात नाही. आपला संपूर्ण संग्रह दीडशे ते दोनशे गिगाबाइटमध्ये मावेल. एमपी३ टाळण्याचे एक कारण आपल्या संगीताशी थेट निगडित आहे: विलंबित आणि द्रुत बंदिशींचे ट्रॅक वेगळे असले तरी मैफल अखंड असते, आणि एमपी३ करताना प्रत्येक ट्रॅकच्या आरंभी व शेवटी सूक्ष्म शांतता भरली जाते, त्यामुळे काही प्लेअरवर तानपुरा मध्येच तुटतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने सीडी वाचताना निकाल अ‍ॅक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी वाचलेल्या त्याच सीडींच्या ऑनलाइन, नोंदींशी पडताळता येतो. नोंद नसेल तर दोनदा वाचून दोन्ही वेळचे पडताळणीचे आकडे जुळतात का ते पाहावे.

टॅग, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली माहिती, लिहिण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण संग्रहाचे खरे मोल तिथेच ठरते. फ्लॅकमध्ये राग, ताल, साथीदार यांचे स्वतंत्र रकाने करता येतात. तथापि अनेक प्लेअर ते दाखवत नाहीत, म्हणून रागाचे नाव शीर्षकातही लिहावे आणि सर्वत्र एकच लेखन ठेवावे.

संगणक खोलीबाहेर ठेवण्यासाठी रास्पबेरी पायसारखा पंखा नसलेला छोटा संगणक अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवून त्याला यूएसबी डॅक जोडावा. त्यावर मूड किंवा व्हॉल्यूमिओ हे संगीत वाजवणारे सॉफ्टवेअर चालवले की फोनवरून निवड करता येते आणि फाइली आतल्या खोलीतल्या संगणकावर राहतात. थेट विंडोजवरूनच ऐकणार असाल, तर फूबार२००० या प्लेअरमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह (ध्वनी थेट डॅककडे पाठवण्याची विंडोजची पद्धत) निवडावे, म्हणजे विंडोज सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा ध्वनी मध्येच बदलणार नाही.

मंद्रपंचम

दोघांचेही मनापासून आभार. केबलची वायर काढताच हमिंग थांबले. कॅसेटही अशाच पद्धतीने घ्याव्यात का?

तारसप्तक

कॅसेटला अधिक सावधगिरी लागते. प्रथम डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, पाहावा: कॅसेट दुसऱ्या डेकवर ध्वनिमुद्रित झाली असेल तर हा कोन जुळत नाही आणि आवाज बोथट येतो. मोनोमध्ये ऐकत हेडशेजारचा स्क्रू अगदी हळू फिरवला की तानपुऱ्याचा झंकार जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतो, ती योग्य जागा. वडिलांचाच डेक अजून चालत असेल, तर स्क्रूला हात न लावता तोच वापरावा.

डेकच्या गतीत एक टक्का फरक पडला तरी स्वर सुमारे १७ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो. साथीला हार्मोनियम असेल तर तिच्यावरून याचा अंदाज घेता येतो. ध्वनिमुद्रण संगणकाच्या लाइन-इन जॅकमधून २४ बिटमध्ये करावे आणि पातळी कमालीच्या खाली, साधारण उणे १० डेसिबलवर ठेवावी. खरखर काढण्याची प्रक्रिया मूळ फाइलवर कधीही करू नये, तिच्या प्रतीवरच करावी. या दुर्मीळ ध्वनिमुद्रणांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात, ठेवावी.