तालमीत चाल सोडून वाजवायचं की नाही?

क्लॅरिनेटवाला, सांगली: परवा बँडच्या तालमीत भीमपलास रागातलं एक जुनं नाट्यपद काढलं. दोनदा सरळ वाजवलं. मग मी मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, धरून ठेवला आणि ट्रम्पेटवाल्यानं मनानंच एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, भरलं. मग आल्टो सॅक्सोफोन, मग मी. अशी मजा वर्षात आली नव्हती. मास्तर भडकले, "सुपारी वरातीची घेतलीय, मैफलीची नाही!" माझं म्हणणं, नाट्यपद फुलवायचंच असतं. बालगंधर्व वन्समोअरला तेच पद नव्या जागा घेऊन गायचे. आम्हीच का कागदाला चिकटायचं?

साइडड्रम: बालगंधर्वांच्या मागं तबल्याला थिरकवाँसारखे उस्ताद होते, भावा. तुमच्या मागं आमच्यासारखा, गळ्यात ड्रम अडकवून चालणारा. मास्तर बरोबर आहेत.

मिरजेचा तंतकार: मला अडचण वेगळीच दिसते. भीमपलास आणि बागेश्री, दोन्ही रागांत गंधार-निषाद (ग, नी) कोमल, बाकी शुद्ध. भीमपलासाच्या आरोहात, म्हणजे वर चढताना, रे आणि ध नाहीत. ट्रम्पेटवाला रंगात येऊन पंचम (प) टाळून धैवतावर (ध) थांबला, की झाली बागेश्री! मागनं सॅक्स भीमपलासच वाजवतोय. श्रोत्याला राग कळत नसेल, पण काहीतरी बिनसलंय हे कळतंच. फुलवा, जरूर फुलवा, पण आधी राग घोटा. गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले, तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अजून त्यांच्या आठवणीत गाणं होतं. एक रात्र तिथं सगळ्या बँडनं बसा. (वरातीच्या सुपाऱ्या बुडतील, ते मास्तरांना सांगू नका.)

बँडमास्तरचा पुतण्या: क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट काळी पाचचे, आल्टो काळी दोनचा, म्हणजे पेटीवरच्या त्या त्या काळ्या पट्टीच्या सुराचे. एकाच सुराला आल्टोवर बोटं वेगळी. म्हणून काका लिहून देतात, हौस म्हणून नाही.

क्लॅरिनेटवाला, सांगली: लिहिलेलं पाठ आहे हो. तंतकारदादा, धैवताचं मान्य, ट्रम्पेटवाल्याला दाखवतो. पण वरातीत नको, तालमीतही नको, मग हे शिकायचं कुठं? घरी एकट्यानं वाजवून दुसऱ्याला जागा द्यायला शिकता येत नाही.

साइडड्रम: तालीम माझीपण आहे. तुम्ही तिघं आळीपाळीनं रंगता, मी तासभर तोच ठेका धरतो. आणि तुम्ही न सांगता तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून शेवट) घेता, मी मधेच कट मारतो, शिव्या मला! मुखड्यावर कधी येणार ते मान हलवून सांगा, एक आवर्तन मलाही द्या. मग मास्तरांशी मी बोलतो.