सतत साइटवर असताना आपल्या क्षेत्रातल्या ओळखी कशा जपायच्या?

साइटवरची
नमस्कार. मी पॅकेजिंगची यंत्रं ग्राहकाच्या कारखान्यात बसवून, चालू करून देते. एक काम आटोपलं की बॅग उचलून थेट पुढच्या गावी. माणसं खूप भेटतात: मेंटेनन्सवाले, प्रॉडक्शन मॅनेजर, पीएलसीचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्रॅमर. पण ही सगळी ग्राहकाकडची. मला पुढे यंत्रांच्या डिझाइनकडे वळायचंय आणि तिथे मला ओळखणारं कोणी नाही. संघटनेच्या सभा संध्याकाळी असतात, तेव्हा मी कुठल्यातरी लाइनवर सेन्सर जुळवत असते. लिंक्डइनवर यादी लांबलचक आहे, पण निम्म्यांचे चेहरे आठवत नाहीत. कायम फिरतीवर असणारे तुम्ही लोक काय करता?

निळी_बॅग
प्रदर्शनांच्या तारखा आधीच बॉसकडून मंजूर करून घ्या. इंटरपॅकसारखं पॅकेजिंगचं मोठं प्रदर्शन साधारण तीन वर्षांतून एकदा भरतं. ते चुकलं की पुन्हा बराच काळ वाट पाहावी लागते.

फिरतीची_डायरी
प्रदर्शनाला जरूर जा, पण त्यावर विसंबू नका. मी क्वालिटी ऑडिटसाठी वर्षानुवर्षं फिरतेय. माझ्या अनुभवात नवी माणसं जोडण्यापेक्षा जुन्यांना पुन्हा गाठणं जास्त कामी येतं, आणि त्यासाठी फिरतीसारखं निमित्त दुसरं नाही. एका जागी बसून काम करणाऱ्याला जुन्या सहकाऱ्याला अचानक मेसेज करायला अवघड वाटतं. तुम्ही सरळ लिहू शकता, "तुमच्या गावात येतेय."

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक प्रसिद्ध लेख आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो तेव्हा किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे चेहरा पुसट झालेली ती यादी टाकाऊ नाही.

मी करते ते असं. माणूस भेटला त्याच रात्री फोनमध्ये त्याच्या नावापुढे गाव, कशावर बोललो आणि मी काय पाठवीन म्हटलं, एवढं लिहिते. कबूल केलेलं दोन दिवसांत पाठवते. दौरा ठरला की गावाच्या नावाने शोधते आणि आठवडाभर आधी एकाच माणसाला लिहिते: "बुधवारी साडेसहानंतर अर्धा तास मोकळी आहे, तुमच्या ऑफिसजवळ येते. काम लांबलं तर चारपर्यंत कळवते." नुसतं "कधीतरी भेटू या" लिहिलं तर उत्तर येत नाही. वार, वेळ आणि जागा दिली की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

डिझाइनचं म्हणाल तर तुमच्याकडे जे आहे ते डिझायनरला टेबलावर बसून मिळत नाही. पॅकची साइज बदलताना ऑपरेटरला कोणतं गार्ड, म्हणजे सुरक्षेचं झाकण, दर वेळी काढावं लागतं, कोणत्या बोल्टपर्यंत पाना पोचत नाही, कोणता सेन्सर धुळीने आंधळा होतो, हे त्याला कोण सांगणार? सुरुवात स्वतःच्या कंपनीपासून करा. साइट रिपोर्ट सर्व्हिस विभागात अडकून राहतो. तो भाग ज्याने आखला त्याचं नाव शोधा आणि त्याला वेगळा, अर्ध्या पानाचा मेल लिहा. तक्रारीचा सूर नको. काय दिसलं आणि ऑपरेटरने त्यावर काय जुगाड केलाय, एवढंच. असे काही मेल गेले की तो स्वतःहून फोन करतो. माझा एका उत्पादनाच्या डिझाइन टीममधल्या माणसाशी परिचय असाच झाला, आणि आजही नवा आराखडा करताना तो मला विचारतो.

साइटवरची
हे मनापासून पटलं. पण ग्राहकांशी गोपनीयतेचे करार आहेत. फोटो काढायलाही बंदी असते.

फिरतीची_डायरी
मग फोटो नकोच. आपल्या यंत्राच्या त्या भागाचं हाताने चित्र काढा. ग्राहकाचं नाव, उत्पादन, लाइनचा वेग यांतलं काही लिहू नका. आणि कंपनीबाहेरच्या डिझायनरशी बोलताना ते चित्रही नको. तिथे तुमचं कौशल्य आणि तुमचे प्रश्न पुरेत. आणखी एक सांगते. काम सुरू असताना ग्राहकाच्या माणसांशी नोकरीचा विषय काढू नका. एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असं कलम बऱ्याच करारांत असतं आणि काम संपल्यावरही ते काही काळ लागू राहतं. वाचून घ्या.

निळी_बॅग
ताई, हे सगळे नंबर कंपनीच्या फोनमध्ये आहेत का? नोकरी सोडताना फोन आणि मेल दोन्ही परत जातात. ग्राहकांची यादी कंपनीची, ती तिथेच राहू द्या. पण सभांत, प्रदर्शनांत भेटलेली आणि जुने सहकारी, ही तुमची माणसं आहेत. त्यांना तुमचा वैयक्तिक मेल आजच देऊन ठेवा.

साइटवरची
हो, सगळं कंपनीच्याच फोनमध्ये आहे. आज रात्री वेगळं करते. पुढच्या दौऱ्याच्या गावात माझा जुना सहकारी ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा यंत्राचा भाग, डिझाइन करतो. त्याला गुरुवारची वेळ कळवतेय.